बारावीच्या विषयशिक्षकांना खुले पत्र: सीयूईटीची तयारी आपल्या वर्गात व्हायला हवी

राज्यातील कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, उपप्राचार्य आणि बारावीला शिकवणारे सर्व विषयशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. वर्तमानपत्रांत प्रवेश परीक्षांबद्दल जे छापून येतं, त्यातलं बहुतेक नीट आणि एमएचटी-सीईटीबद्दल असतं, म्हणजे विज्ञान शाखेबद्दल. कला आणि वाणिज्यच्या मुलांचं काय, हा प्रश्न अजून आपल्याच स्टाफरूममध्ये नीट विचारला गेलेला नाही. म्हणून शिक्षण विभागाकडे किंवा मंडळाकडे काही मागण्याआधी हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

२०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटी-यूजी या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतात. ती राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए घेते. केंद्रीय विद्यापीठांबरोबर अनेक राज्य, अभिमत आणि खासगी विद्यापीठंही तिचे गुण धरतात. आपल्याकडे मात्र ‘ती दिल्लीला जाणाऱ्यांची परीक्षा’ एवढ्यावर विषय संपतो. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय विद्यापीठ आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेशही या परीक्षेवर झाले आहेत, आणि त्या संस्थेचा एक परिसर आपल्या तुळजापूरला आहे. धाराशिव, सोलापूर, लातूरच्या मुलांच्या उंबऱ्यावरची ही संधी आहे आणि त्यांच्या कॉलेजात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या परीक्षेची रचना लक्षात घेतली, की ती आपलं काम का आहे ते कळतं. बारावीच्या विषयांचे स्वतंत्र पेपर असतात. २०२५ पासून ३७ पेपर आहेत: १३ भाषा, २३ विषय आणि एक सामान्य चाचणी. विद्यार्थी जास्तीत जास्त पाच निवडू शकतो. प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, सगळे अनिवार्य. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, एकूण गुण २५०. परीक्षा संगणकावर होते आणि विषयाचा अभ्यासक्रम केंद्राची शालेय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीच्या बारावीचा असतो. इतिहासाच्या पेपरात इतिहासच विचारतात, अर्थशास्त्राच्या पेपरात अर्थशास्त्रच. ज्या विषयाचे आपण पगारी शिक्षक आहोत, त्याच्या परीक्षेची तयारी मुलांनी रस्त्यापलीकडच्या क्लासमध्ये जाऊन करावी, हे मला पटत नाही. शिवाय बहुतेक तालुक्यांत सीयूईटीचा क्लास नसतोच. तिथे आपण शिकवलं नाही, तर कुणीच शिकवत नाही.

तयारी अकरावीच्या विषयनिवडीपासून सुरू होते आणि आपण सर्वांत जास्त नुकसान तिथेच करतो. या मुद्द्यावर मी थोडी रेंगाळणार आहे.

वाणिज्यला प्रवेश घेणाऱ्या मुलाला आपण काय सांगतो? ‘गणित कशाला घेतोस, एसपी घे, मार्क पडतात.’ गणित किंवा एसपी, हा पर्याय वर्षानुवर्षं याच एका वाक्यावर ठरत आला आहे. एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, हा विषय वाईट नाही, पण सीयूईटीत त्याचा पेपर नाही. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं तर सीयूईटीत गणित किंवा उपयोजित गणित द्यावंच लागतं, आणि जे विषय बारावीला घेतले त्यांचेच पेपर द्यावेत असा त्या विद्यापीठाचा दंडक आहे. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने जूनमध्ये, आपल्या सांगण्यावरून, एका रकान्यात केलेली खूण दोन वर्षांनी त्याचा रस्ता बंद करते. त्याला त्या दिवशी हे कुणी सांगितलेलं नसतं. बी.कॉम. ऑनर्सला तिथे पुस्तपालनाच्या आधारावरही जाता येतं, ही चांगली गोष्ट आहे. पण तीही किती मुलांना माहीत असते?

आणि वाणिज्यच्या गणिताला घाबरण्याचं कारण नाही. मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, टाइम सिरीज, लिनिअर प्रोग्रॅमिंग, विमा आणि वार्षिकी हे आपल्या वाणिज्यच्या गणितात आहे आणि यातलं बरंचसं सीयूईटीच्या उपयोजित गणितातही भेटतं. ज्याने हा विषय मन लावून केला, त्याची अर्धी तयारी झालेली असते.

कला शाखेची गोष्टही अशीच आहे. आपल्याकडे तर्कशास्त्र आणि सहकार हे विषय अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं चालत आलेले आहेत. सीयूईटीच्या यादीत दोन्ही नाहीत. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संस्कृत, गृहविज्ञान हे आहेत. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात मोबाइल घेऊन उभी होती. स्क्रीनवर विषयांची यादी. ती अंगठ्याने खाली सरकवत होती, पुन्हा वर नेत होती, पुन्हा खाली. ‘मॅडम, यात लॉजिक कुठल्या नावाने असतं?’ तिने विचारलं. ती तर्कशास्त्रात वर्गात पहिली होती. माझ्याकडे तिला द्यायला उत्तर एकच होतं, आणि ते दीड वर्षापूर्वी द्यायला हवं होतं.

मी तर्कशास्त्राच्या शिक्षकांच्या विरोधात मुळीच नाही. तो विषय मुलांना नीट विचार करायला शिकवतो आणि तो राहिला पाहिजे. पण जो विद्यार्थी तो घेतो, त्याच्या बाकी विषयांत सीयूईटीला चालणारे किमान तीन तरी असावेत, एवढं पाहणं आपल्या हातात आहे. अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलावर जो शिक्षक बसतो, त्याच्यासमोर त्या वर्षीची विषययादी छापून ठेवलेली असावी. माझी पहिली विनंती एवढीच आहे.

दुसरी अडचण पाठ्यपुस्तकांची. राज्य मंडळाचं पुस्तक आणि एनसीईआरटीचं पुस्तक एकाच विषयाचं असलं, तरी प्रकरणं एक नसतात. ‘बोर्डाचं नीट कर, सीयूईटी आपोआप होईल’ असं जेव्हा आपण सांगतो, तेव्हा ते काही विषयांत निम्मं खरं असतं आणि काहींत अजिबात खरं नसतं. दोन पुस्तकं शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. मी माझ्या दोन विषयांपुरती ती ठेवली, त्यात काय दिसलं ते सांगते.

आपल्या बारावीच्या इतिहासाची सुरुवात युरोपातल्या प्रबोधनाने होते. मग युरोपीय वसाहतवाद, वसाहतवाद आणि मराठे, सामाजिक-धार्मिक सुधारणा, स्वातंत्र्यलढा, महायुद्धं, शीतयुद्ध, आणि शेवटी बदलता भारत. एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक हडप्पाच्या विटा आणि मण्यांपासून सुरू होतं. पुढे महाजनपदं, महाभारतातून दिसणारी नाती आणि जाती, सांचीचा स्तूप, अल-बिरुनी, इब्न बतूता आणि बर्नियर यांची प्रवासवर्णनं, भक्ती-सूफी परंपरा, विजयनगर, मुघलकाळातलं खेडं, वसाहतकाळातला ग्रामीण भाग, १८५७, गांधीजी आणि संविधानसभा. दोन्हींत सामाईक भाग जेमतेम शेवटच्या काही प्रकरणांत आहे.

पण हडप्पा आपल्या मुलांनी वाचलेलं असतं, अकरावीला! ‘भारतातील पहिली नगरे’ हे प्रकरण आपल्या अकरावीच्या पुस्तकात आहे. वैदिक काळ, जनपदं, महाजनपदं तिथेच आहेत. आपल्याकडे अकरावी हे विश्रांतीचं वर्ष मानलं जातं. परीक्षा कॉलेजची, पेपर आपणच तपासणार, मुलं पास होणारच. सीयूईटी देणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी अकरावीचं पुस्तक बारावीइतकं महत्त्वाचं आहे. ते जपून ठेव, रद्दीत देऊ नकोस, एवढं एक वाक्य त्याला एप्रिलमध्ये सांगितलं, तरी त्याचे पुढचे दोन महिने वाचतात.

आणि त्याच एनसीईआरटीच्या पुस्तकात आपलं सुपे आहे. पुणे जिल्ह्यातलं. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी तिथे जमले, सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे त्यांनी मागितले, आणि दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव, १८६५ ला युद्ध संपल्यावर तो भाव कोसळणं, सावकारांनी कर्ज आखडतं घेणं, कर्जरोख्यांची मुदत ठरवणाऱ्या १८५९ च्या कायद्याचा उलटा परिणाम, १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेलेला दंगे आयोगाचा अहवाल, हे सगळं तिथे तपशिलात आहे. देशभरातली मुलं ते वाचतात. आपला विद्यार्थी मात्र मराठी मुलखातल्या या घटनेवरचा प्रश्न ‘आपल्या पुस्तकात नव्हतं’ म्हणून सोडून येतो. हे मला फार लागतं.

राज्यशास्त्रात फरक वेगळ्या तऱ्हेचा आहे. आपलं बारावीचं पुस्तक १९९१ नंतरच्या जगापासून सुरू होतं: जागतिकीकरण, मानवतावादी प्रश्न, सुशासन, भारत आणि जग. एनसीईआरटीची दोन पुस्तकं आहेत. जागतिक राजकारणाच्या पुस्तकाशी आपलं बरंच जुळतं. दुसरं पुस्तक स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय राजकारणाचं आहे आणि तिथे आपला विद्यार्थी पूर्णपणे नवखा असतो. संस्थानांचं विलीनीकरण, १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक, १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा, दुसरी पंचवार्षिक योजना आणि महालनोबिस, १९७५ ची आणीबाणी, काँग्रेस व्यवस्थेपुढची आव्हानं हे त्याला नव्याने वाचावं लागतं. शिकवायला हा भाग अवघड अजिबात नाही. घरातल्या आजी-आजोबांना आणीबाणी आठवते, १ मे १९६० ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. आठवड्याला एक तास जरी दिला, तरी दिवाळीपर्यंत हे पुस्तक संपतं.

अर्थशास्त्राबद्दल मी माझ्या सहकाऱ्यांशी बोलून लिहिते. उपयोगिता, मागणी, लवचीकता, राष्ट्रीय उत्पन्न हे आपल्याकडे चांगलं होतं. आपल्याकडे निर्देशांकांचं स्वतंत्र प्रकरणही आहे. पण उत्पन्न आणि रोजगार कसे ठरतात, हा अर्थतज्ज्ञ केन्सचा भाग आपल्या बारावीच्या पुस्तकात नाही, आणि एनसीईआरटीच्या समग्रलक्षी अर्थशास्त्राचा तो कणा आहे. गुणकावरचं एक साधं उदाहरण घ्या. सीमांत उपभोग प्रवृत्ती, म्हणजे वाढलेल्या उत्पन्नातला खर्च होणारा वाटा, ०.८ आहे, गुंतवणूक १०० कोटींनी वाढली, तर उत्पन्न किती वाढेल? गुणक म्हणजे १ भागिले (१ वजा ०.८), म्हणजे ५. उत्तर ५०० कोटी. ज्याला हे एकदा फळ्यावर करून दाखवलं, त्याला अर्ध्या मिनिटाचं काम. ज्याने ‘गुणक’ हा शब्दच ऐकलेला नाही, तो कितीही हुशार असला तरी बसून राहतो.

भूगोलाच्या शिक्षकांना मात्र दिलासा आहे. लोकसंख्या, वस्त्या, प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक व्यवसाय हा मानवी भूगोलाचा सांगाडा दोन्हीकडे जवळपास एकच आहे. वेगळं लागतं ते एनसीईआरटीच्या भारतावरच्या पुस्तकातलं. विज्ञानाच्या मुलांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की तिकडे बारावीला असलेलं किरणप्रकाशशास्त्र आपल्याकडे अकरावीला होऊन गेलेलं असतं.

माझी दुसरी विनंती यातूनच निघते. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने एका पानावर तीन रकाने आखावेत: आपल्या बारावीत आहे, आपल्या अकरावीत आहे, कुठेच नाही. एनसीईआरटीची सर्व प्रकरणं या तिन्हींत वाटून टाकावीत. विषय आपला असल्यामुळे हे काम एका दुपारचं आहे. तेच काम विद्यार्थ्याला एकट्याने करायला लागलं, तर त्याचा महिना जातो आणि तरी चुकतं. ते पान वर्गात लावा, झेरॉक्स काढून द्या, ग्रुपवर टाका. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण नेमकं कोणतं प्रकरण उघडायचं हे सांगणारं माणूस लागतं.

आता भाषेचा प्रश्न. सीयूईटीचा पेपर मराठीतून देता येतो. तेरा माध्यमांत मराठी आहे. पण एनसीईआरटीची पुस्तकं इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतात, मराठीत नाहीत. मराठी माध्यमाची मुलगी हिंदी पुस्तक वाचते, तिथे तिला ‘सकल घरेलू उत्पाद’ भेटतं, वर्गात ती ‘स्थूल देशांतर्गत उत्पादन’ शिकलेली असते, आणि परीक्षेत तिसराच शब्द येईल की काय या धास्तीने ती शेवटी इंग्रजी माध्यम निवडते. मग इंग्रजी वाचण्यात वेळ जातो. यावर मला सुचलेला उपाय साधा आहे. प्रत्येक प्रकरणाच्या पंचवीस-तीस पारिभाषिक संज्ञा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही नावांनी फळ्यावर लिहायच्या आणि मुलांनी वहीच्या मागच्या पानांत त्या उतरवायच्या. हे जूनपासून केलं, तर मुलगी कोणतंही माध्यम निवडो, ती अडणार नाही. माध्यम कोणतं हे तिने ठरवावं, पण सरावासाठी दोन्ही माध्यमांत एकेक पेपर सोडवून मगच.

मराठीच्या शिक्षकांना इथे खास सांगायचं आहे. मराठी भाषेचा स्वतंत्र पेपर सीयूईटीत आहे. त्यात उतारे असतात, शब्दसंपत्ती असते, वाक्यांचा क्रम लावायचा असतो. धड्यांवरचे प्रश्न नसतात. दिल्ली विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांना एक भाषा लागते आणि तिथल्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. इंग्रजी ऑनर्ससारख्या अभ्यासक्रमाला इंग्रजीच लागते, ती गोष्ट वेगळी. पण इतरांना, ज्या मुलांची मराठी उत्तम आहे आणि इंग्रजी बेताची, त्यांना २५० पैकी भरघोस गुण मिळवून देणारा पेपर त्यांच्या मातृभाषेत उपलब्ध आहे. आपण त्यांना तो घेऊ देत नाही, कारण आपल्यालाच ते माहीत नसतं.

प्रश्नांच्या धाटणीबद्दल थोडं. बोर्डात ‘सविस्तर उत्तरे लिहा’ला गुण असतात. इथे लिहायचं काहीच नाही. ६० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. जोड्या लावा, विधान आणि कारण, कालक्रम लावा, उताऱ्यावरचे प्रश्न असं स्वरूप असतं. कायमधारा पद्धत, संथाळांचा उठाव, दख्खनचे दंगे आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरचा ‘पाचवा अहवाल’ यांचा क्रम लावा, असा प्रश्न आला तर १७९३, १८१३, १८५५ आणि १८७५ ही सालं डोक्यात हवीत. ‘एकोणिसाव्या शतकात’ एवढ्यावर बोर्डात निभावतं, इथे निभावत नाही. मी आता प्रत्येक प्रकरणानंतर मुलांकडूनच दहा प्रश्न काढून घेते, चार पर्यायांसकट. चुकीचे पण खरे वाटणारे तीन पर्याय बनवताना मुलांना प्रकरण जितकं बारकाईने वाचावं लागतं, तितकं माझ्या कुठल्याही गृहपाठाने वाचून घेतलं नव्हतं. पहिल्या खेपेला सगळ्यांचे पर्याय हास्यास्पद असतात. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून ती एकमेकांना अडकवू लागतात आणि वर्गात जी भांडणं होतात, ती ऐकण्यासारखी असतात.

वजा गुणांबद्दल आपण मुलांना उगाच घाबरवतो. ‘येत नसेल तर सोडून दे’ हा सल्ला इथे हिशेबात बसत नाही. काहीच येत नसलेल्या चार प्रश्नांवर अंदाज केला, तर सरासरीने एक बरोबर येईल आणि तीन चुकतील: ५ वजा ३, म्हणजे २ गुण तरी मिळतात. एक पर्याय नक्की चूक आहे हे ओळखता आलं, तर अशा तीन प्रश्नांमागे ५ वजा २, म्हणजे ३. अंदाजावर पेपर निघतो असं मी म्हणत नाही. पण निम्मं माहीत असलेला प्रश्न भीतीने कोरा सोडणं हा तोटा आहे, आणि हे गणित वर्गात उघडपणे मांडून दाखवायला हवं. लेखाकर्माच्या शिक्षकांनी आणखी एक सवय लावावी: पूर्ण खातं न उतरवता फक्त विचारलेला आकडा काढायची. बोर्डासाठी रेघा मारून खाती लिहिणारी मुलं इथे वेळेतच अडकतात.

अर्ज भरणं हा भाग आपण पूर्णपणे सायबर कॅफेवर सोडला आहे. अर्ज साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान निघतात, म्हणजे नेमके तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि बोर्डाच्या धांदलीत. कॅफेवाला मुलाला विचारतो, ‘कुठले विषय टाकू?’ आणि तो मुलगा मित्राने टाकले ते सांगतो. एनटीए बारावीत नसलेला विषयही निवडू देते, पण विद्यापीठाची पात्रता वेगळी असते. अर्ज स्वीकारला गेला म्हणजे प्रवेशाला पात्र ठरलो, असं होत नाही. आधी विद्यापीठ आणि अभ्यासक्रम ठरवायचा, त्याला कोणते पेपर लागतात ते त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहायचं आणि मगच अर्जात विषय टाकायचे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून माहितीपत्रक त्याच वर्षाचं हवं. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी तीन विषयांपर्यंत १,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० रुपये शुल्क होतं. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही. चुकीच्या पेपरावर ती वाया जाऊ नये. कॉलेजच्या संगणक कक्षात दोन दिवस बसून अर्ज भरून घेता येतात. एक शिक्षक, एक लिपिक आणि एक चालू प्रिंटर एवढं पुरतं.

मग बोर्डाचा शेवटचा पेपर होतो आणि मुलं गावी निघून जातात. आपण पेपर तपासणीत आणि मॉडरेशनमध्ये अडकतो. परीक्षा मे महिन्यात असते. मधला हा काळ तयारीचा खरा काळ आहे, आणि तेव्हाच कॉलेज सामसूम असतं. माझी तिसरी विनंती प्राचार्यांना आहे. या दिवसांत ग्रंथालय आणि संगणक कक्ष सीयूईटीच्या मुलांसाठी उघडा ठेवा. आठवड्यातून दोन सकाळी एकेका विषयाचा शिक्षक येईल, असं वेळापत्रक लावा. ज्या मुलांनी माऊस धरून कधी परीक्षा दिलेली नाही, त्यांना संगणकावर दोन-तीन सराव पेपर तरी सोडवू द्या. पहिल्यांदा स्क्रीनवर पेपर पाहताना ‘पुढे जा’चं बटण कुठे आहे हे शोधण्यात दहा मिनिटं घालवणारी मुलं मी पाहिली आहेत. परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची येते आणि तिच्यावर शुल्क भरून हरकत घेता येते. तेव्हाही विषयशिक्षकाने शेजारी बसून सांगावं की इथे हरकत घेण्यासारखं आहे, इथे नाही.

काही सहकारी म्हणतात, ‘आमची मुलं बाहेर जाणारच नाहीत, हे कुणासाठी करायचं?’ मुलं जात नाहीत, कारण जाता येतं हे त्यांना बारावी संपल्यावर कळतं. मुलींच्या बाबतीत तर घरच्यांना तयार करायला वर्ष लागतं; आई-वडिलांना जूनमध्ये बोलावून, वसतिगृह, शिष्यवृत्ती, खर्च हे सगळं समोर ठेवून बोललं, तर पुढच्या जूनपर्यंत घरात विचार झालेला असतो. दुसरा आक्षेप, ‘आमचा पोर्शनच पुरा होत नाही.’ हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, रिक्त पदं, यांत वर्ष निघून जातं. म्हणूनच मी वेगळा क्लास सुरू करा असं म्हणत नाही. एक पान, आठवड्याचा एक तास, प्रत्येक प्रकरणाला मुलांनी काढलेले दहा प्रश्न, आणि उन्हाळ्यात उघडं ग्रंथालय, एवढंच मागते आहे. सीयूईटी न देणाऱ्या मुलालाही यातून विषय जास्त नीट कळतो, हे मी माझ्या वर्गात पाहते आहे.

इतिहास आणि राज्यशास्त्राचे तीन रकान्यांचे तक्ते माझ्याकडे तयार आहेत. ज्यांना हवेत त्यांनी मागून घ्यावेत आणि चुका दिसल्या तर कळवाव्यात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि पुस्तपालनाचे तक्ते ज्यांनी केले असतील किंवा करायची तयारी असेल, त्यांनी ते आपल्या जिल्ह्याच्या विषयशिक्षक संघटनेकडे द्यावेत, म्हणजे अकरावीचे प्रवेश सुरू होण्याआधी ते प्रत्येक कॉलेजात पोहोचतील.

आपली,
कला शाखेची एक सहकारी शिक्षिका